भाजी तीच, मग कुणी मार्केट यार्डात, कुणी आठवडी बाजारात आणि कुणी सेंद्रिय बाजारात का जातं?

रविवारची सकाळ. पुण्यात एक खानावळवाला पहाटे पाचलाच टेम्पो घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचलेला असतो. सात-आठच्या सुमारास एक आजोबा कापडी पिशवी घेऊन मंडईकडे निघतात. नऊ वाजता एक नोकरदार जोडपं घराजवळच्या मैदानावर भरलेल्या शेतकरी बाजारात येतं. दहा वाजता दुसरं एक कुटुंब लेकराबाळांसकट सेंद्रिय मालाच्या बाजारात शिरतं. त्याच वेळी जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावात आठवडी बाजाराच्या पथाऱ्या पसरायला सुरुवात झालेली असते.

या सगळ्यांना घ्यायची आहे मेथीच. मग सगळे एकाच बाजारात का जात नाहीत?

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. ज्याच्याकडे पैसा कमी तो स्वस्त बाजारात जातो, ज्याच्याकडे जास्त तो महागड्या बाजारात. ऐकायला बरोबर वाटतं, पण बाजारात उभं राहून बघितलं की हे उत्तर टिकत नाही. रविवारी मार्केट यार्डाबाहेर चारचाकी गाड्या लागलेल्या दिसतात, आणि रोजंदारीवरचा मजूर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून पावशेर भाजी चढ्या भावाने घेताना दिसतो.

खरी गोष्ट अशी आहे की बाजारात गिऱ्हाईक नुसती भाजी घेत नाही. भाजीबरोबर कुणी बचत घेतं, कुणी वेळ घेतं, कुणी निवड घेतं, कुणी खात्री घेतं. प्रत्येक बाजार यातली एखादी गोष्ट चांगली देतो आणि बाकीच्या बाबतीत कमी पडतो. कोणता बाजार काय देतो, ते एकेक करून बघू.

आधी रुपयाचा हिशोब

शेतकऱ्याचा माल थेट गिऱ्हाइकाला मिळावा, यासाठी एवढी धडपड का चालते?

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिऱ्हाईक देतं त्या एका रुपयातले शेतकऱ्याला किती मिळतात याचा अंदाज दिला होता. टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे. उरलेले पैसे वाहतूक, हमाली, तोलाई, आडत, नासाडी आणि मधल्या प्रत्येक विक्रेत्याचा नफा यात वाटले जातात.

यातला सगळाच पैसा कुणी लुबाडतं असं नाही. माल शेतातून शहरात आणायला, निवडायला आणि किलो-अर्धा किलोत विकायला खर्च येतोच. शेतकरी बाजारात ही कामं संपत नाहीत, ती करणारा माणूस बदलतो. काही शेतकरी करतो, काही गिऱ्हाईक करतं. कोणतं गिऱ्हाईक यातलं कोणतं काम करायला तयार आहे, त्यावर त्याचा बाजार ठरतो.

मार्केट यार्ड : कष्ट घ्या, भाव मिळवा

महाराष्ट्रात शेतमालाच्या खरेदी-विक्रीचं नियमन करणारा कायदा १९६३ चा. त्याखाली बाजार समित्या चालतात. पुण्याचं गुलटेकडी, मुंबईसाठी वाशी ही त्यातली मोठी नावं. मुंबईतला भाजी आणि फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला हलवला गेला.

इथे माल रात्रीपासून यायला लागतो. आवक किती झाली यावर सकाळचा भाव ठरतो. पुण्यात फळभाज्यांचा भाव दहा किलोवर बोलला जातो आणि पालेभाज्यांचा शेकडा जुड्यांवर. यावरूनच समजतं की हा बाजार मुळात घरगुती गिऱ्हाइकासाठी नाही. तो हातगाडीवाल्यासाठी, दुकानदारासाठी, खानावळीसाठी आणि केटरिंगवाल्यासाठी आहे.

पण रविवारी चित्र बदलतं. शनिवारी पुण्याच्या यार्डाला सुट्टी असते आणि रविवारी आवक सगळ्यात मोठी. त्या दिवशी घरगुती गिऱ्हाईकही येतं. चार शेजारी मिळून टोमॅटोचा क्रेट आणि बटाट्याची गोणी घेतात आणि घरी येऊन वाटून घेतात. घरात लग्नकार्य असेल, लोणचं घालायचं असेल, वर्षाचा लसूण भरायचा असेल, तर यार्डाला पर्याय नाही.

अट एवढीच की पहाटे उठायची तयारी हवी, न्यायला वाहन हवं, ठेवायला जागा हवी आणि एकदम द्यायला पैसे हवेत. मजुराचं गणित नेमकं इथे फसतं. ज्याच्या घरी फ्रिज नाही आणि ज्याच्या हातात रोजचे पैसे रोज येतात, त्याला गोणीचा स्वस्त भाव कामाचा नाही. त्याला आजच्यापुरती भाजी लागते आणि ती हातगाडीवरच मिळते. म्हणजे सगळ्यात स्वस्त बाजार सगळ्यात गरीब माणसाला परवडतोच असं नाही.

आठवडी बाजार : गरिबाचा मॉल नव्हे, गावाचं कॅलेंडर

पुण्यात सोमवारपासून रविवारपर्यंत वारांच्या नावाच्या पेठा आहेत. साताऱ्यातही वारांच्या पेठा आहेत. नागपुरात इतवारी, बुधवारी ही नावं आजही चालतात. वार आणि बाजार यांचं नातं महाराष्ट्रात किती जुनं आहे हे या नावांवरून कळतं.

आठवडी बाजाराचं तंत्र साधं आहे. एका गावात रोज पुरेल एवढं गिऱ्हाईक नसतं. म्हणून विक्रेते फिरतात. आज या गावी, उद्या त्या गावी. सिंधुदुर्गात मंगळवारी सावंतवाडीचा बाजार असतो आणि बुधवारी कुडाळचा. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना आपापला वार पाठ असतो.

इथलं गिऱ्हाईक फक्त भाजीला येत नाही. अनेक ठिकाणी मजुरीचा हिशोब बाजाराच्या दिवशी होतो. हातात पैसे येतात आणि आठवड्याचं तेल-मीठ, भाजी, सुकी मासळी, कपडा, विळ्याला धार हे सगळं एका फेरीत उरकतं. परत येताना पोरांसाठी भजी नाहीतर जिलेबी. पोळ्याच्या आधीच्या बाजारात बैलांसाठी झूल, गोंडे, कासरा आणि वेसण घ्यायला गर्दी होते. नातेवाईक भेटतात, सोयरिकीची बोलणी होतात, पाऊसपाण्याची खबर कळते.

गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार याच जातीचा. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे मिरची, सुकी मासळी, आमसुलं, कांद्याच्या माळा घ्यायला झुंबड उडते. या बेगमीला तिकडे पुरुमेंत म्हणतात, कोकणात आगोट म्हणतात.

भावाची इथे एक गंमत आहे. सकाळी लवकर येणाऱ्याला ताजा आणि निवडक माल मिळतो, पण भाव ताठ असतो. दिवस मावळायला आला की विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो. मग वाटे मोठे होतात, जुड्या जोडीने निघतात, वर मूठभर कोथिंबीर पडते. त्यामुळे एकाच बाजारात दोन वेगळी गिऱ्हाइकं येतात. सकाळचं गिऱ्हाईक दर्जासाठी येतं, संध्याकाळचं भावासाठी.

आणि भाव का महत्त्वाचा, तर केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या महिन्याच्या खर्चात सुमारे ४६ टक्के वाटा खाण्यापिण्याचा होता. शहरात तो ३९ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याच्या जवळ खर्च जर खाण्यावर होत असेल, तर जुडीमागे दोन रुपयांचा फरकही माणूस मोजतो.

मंडई : हात लावून, निवडून घेणाऱ्यांची

पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ते दिलेलं. महात्मा फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणासाठी वापरावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. मुंबईचं १८६९ चं क्रॉफर्ड मार्केटही आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे.

मंडईतले गाळेवाले बहुतेक करून शेतकरी नाहीत. ते घाऊक बाजारातून माल आणतात, निवडतात, पाणी मारून मांडतात. भाव यार्डापेक्षा जास्त असतो. तरीही लोक जातात, कारण निवड करून मिळते. एकाच चक्करमध्ये पन्नास प्रकार दिसतात. सणाला लागणारी केळीची पानं, विड्याची पानं, पत्री, सगळं एका ठिकाणी मिळतं. आणि वर्षानुवर्षांची ओळख असते. गाळेवाली मावशी स्वतःच सांगते, "आज वांगी नका नेऊ, उद्या चांगली येतील." हे एक वाक्य ऐकण्यासाठी आजोबा दोन रुपये जास्त देतात.

शेतकरी आठवडी बाजार : शेतकरीच तुमच्या दारात

आता येतो तो बाजार, ज्याला शहरातली माणसं सरसकट शेतकरी बाजार म्हणतात.

२०१६ या वर्षी महाराष्ट्रात दोन-तीन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त करण्यात आला. आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला. आणि राज्य सरकारने संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. ज्यांनी माळ्याच्या कामातच विठ्ठल पाहिला, त्या अरणच्या सावता महाराजांचं नाव भाजीच्या बाजाराला देण्यात आलं. कृषी पणन मंडळाच्या मदतीने शेतकऱ्यांचे गट आणि उत्पादक कंपन्या शहरातल्या मैदानांवर ठरलेल्या वारी माल घेऊन बसू लागल्या.

इथलं गिऱ्हाईक मुख्यतः मध्यमवर्गीय आणि नोकरदार. त्याला यार्डाचा भाव हवाहवासा वाटतो, पण पहाटे उठून गोणी उचलायची नसते. समजा यार्डात त्याचे ऐंशी रुपये वाचणार असतील आणि रिक्षाला जाऊन-येऊन दीडशे लागणार असतील, तर त्याच्यासाठी स्वस्त बाजार तो, जिथे तो चालत जाऊ शकतो. शिवाय माल काल संध्याकाळी किंवा आज पहाटे तोडलेला असतो, मधले हात कमी असतात आणि भाव बऱ्याचदा हातगाडीपेक्षा कमी पडतो.

पण इथे बसलेला प्रत्येक जण शेतकरी असतो का? तर नाही. ओळखायची सोपी खूण आहे. एकाच विक्रेत्याकडे सफरचंदापासून ब्रोकोलीपर्यंत सगळं असेल, तर तो माल घाऊक बाजारातून आणलेला असण्याची शक्यता जास्त. शेतकऱ्याकडे सहसा हंगामातल्या चार-पाचच भाज्या असतात, आकार कमी-जास्त असतो आणि पीक कधी लावलं, पाणी कुठलं, हे विचारलं की तो न अडखळता सांगतो.

सेंद्रिय बाजार : भाजी कमी, विश्वास जास्त

मुंबईत बांद्र्याला कविता मुखी यांनी २०१० मध्ये रविवारचा शेतकरी बाजार सुरू केला. सेंद्रिय शेतमाल आणि थेट शेतकरी ही त्याची ओळख. नंतर अनेक शहरांत असे बाजार उभे राहिले.

इथे भाव जास्त असतो, आणि तरी गिऱ्हाईक येतं. कारण त्याला हवी असते ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फवारणी केलेली मेथी आणि न केलेली मेथी शेजारी ठेवली तर बघून फरक कळत नाही. म्हणून गिऱ्हाईक माणसाकडे बघतं. शेत कुठे आहे, खत कोणतं, कीड आली तर काय करता, असे प्रश्न इथे विचारले जातात. उत्तर मिळालं की पुढच्या रविवारी माणूस त्याच टेबलाशी येतो.

कागदाचा आधारही आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर 'जैविक भारत' हे चिन्ह लागतं. लहान शेतकऱ्याने स्वतः थेट गिऱ्हाइकाला माल विकला, तर त्याला यात सवलत आहे. म्हणजे प्रत्यक्ष बाजारात बऱ्याचदा शब्दावरच व्यवहार चालतो. त्यामुळे इथे प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही, तो खरेदीचाच भाग आहे.

याच जातीचे पण वर्षातून एकदाच भरणारे बाजारही आहेत. पणन मंडळाचा पुण्यातला आंबा महोत्सव घ्या. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा हापूस म्हणून गळ्यात मारला जाण्याची भीती असतेच. गिऱ्हाईक तिथे जातं ते थेट बागायतदाराकडून पेटी घ्यायला. ऑगस्टच्या आसपास ठिकठिकाणी भरणाऱ्या रानभाजी महोत्सवातही असंच. टाकळा, कुर्डू, करटोली ओळखणारी बाई समोर असली, तरच शहरातला माणूस ती भाजी घरी नेतो आणि ती कशी करायची तेही तिलाच विचारतो.

बाजार चुकला तर तोटा कुणाचा?

हे सगळं फक्त कुतूहल म्हणून सांगायचं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण यात कुणाचं तरी पोट आहे.

समजा नोकरदारांच्या वस्तीत शेतकरी बाजार बुधवारी दुपारी भरवला. ज्यांच्यासाठी भरवला ते ऑफिसात. किंवा मजुरांच्या वस्तीजवळ सेंद्रिय मालाचा बाजार भरवला. माल उत्तम, भाव रास्त, तरी गिऱ्हाईक नाही. कांदा-बटाटा परत नेता येतो. मेथी, पालक, कोथिंबीर परत नेऊन उपयोग नसतो, ती संध्याकाळी जनावरांपुढे जाते. टेम्पोचं भाडं मात्र द्यावंच लागतं. असं दोन-तीनदा झालं की शेतकरी पुन्हा आडत्याकडे वळतो, आणि लोक म्हणतात, शेतकरी बाजार चालत नाहीत.

दुसऱ्या राज्यांचा अनुभवही हेच सांगतो. पंजाबने १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू केली. आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ ला 'रयतू बाजार' सुरू झाले. तिथे शेतकऱ्यांना ओळखपत्रं दिली गेली आणि भाव घाऊकपेक्षा वर पण किरकोळपेक्षा खाली ठेवून फलकावर लिहिले जाऊ लागले. म्हणजे भाव बघणाऱ्या मध्यमवर्गाला काय हवं ते आधी ठरवलं आणि मग बाजार बांधला. तामिळनाडूने त्याच वर्षी 'उळवर संदै' सुरू केले. २००१ मध्ये सरकार बदलल्यावर त्यातले बरेच थंडावले आणि २००६ नंतर पुन्हा उभे केले गेले. सरकारी आधारावर बाजार सुरू होतो, पण तो आधार गेल्यावर टिकायचं तर स्वतःचं गिऱ्हाईक लागतं.

शेतकऱ्याचीही निवड असते. दोन एकरांत आठ प्रकारचा भाजीपाला करणाऱ्याला थेट विक्री जमते. पाच एकर टोमॅटोवाल्याला ती जमत नाही. एका तोड्याला निघणारे शेकडो क्रेट किलो-किलोने विकायला त्याचा आठवडा जाईल आणि तोवर पुढचा तोडा पिकेल. त्याला यार्डच हवं. थेट विक्रीत भाव जास्त मिळतो, पण त्यात घरातल्या एका माणसाचा पूर्ण दिवस जातो, हाही खर्चच आहे. म्हणून अनेक शेतकरी माल विभागतात. निवडक माल शेतकरी बाजारात, उरलेला यार्डात.

मग तुम्ही कुठे जायचं?

सोपं आहे. बाहेर पडायच्या आधी स्वतःला विचारा, आज भाजीबरोबर आणखी काय हवंय.

मोठं कार्य आहे किंवा चार घरं मिळून घेणार आहात, तर मार्केट यार्ड. आठवड्याचा सगळा बाजार एकाच फेरीत उरकायचा आहे, तर आठवडी बाजार. पूजा आहे, पाहुणे आहेत, माल हाताने निवडायचा आहे, तर मंडई. वेळ कमी आहे आणि ताजं हवंय, तर जवळचा शेतकरी बाजार. भाजी कशी पिकवली हे महत्त्वाचं आहे आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायची तयारी आहे, तर सेंद्रिय बाजार. आणि यातलं काहीच जमलं नाही तर कोपऱ्यावरची हातगाडी आहेच. ती दोन रुपये जास्त घेते, पण यार्डात पहाटे जायचं काम तुमच्या वतीने तिनेच केलेलं असतं.

शेतकरी बाजारात गेलात तर एक मात्र करा. एखाद्या शेतकऱ्याचा माल आवडला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. पाचशे माणसं एकदा येऊन फोटो काढून गेली, तर त्याला पुढच्या वेळी किती जुड्या बांधायच्या ते कळत नाही. चाळीस घरं दर आठवड्याला येणार हे माहीत असलं, की तो चाळीस घरांच्या हिशोबाने वाफा लावतो, आणि संध्याकाळी त्याचा टेम्पो रिकामा परत जातो.